वहीत न चढणारा हंगाम

दसरा झाला की सातारा-सांगलीकडच्या एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर कुस्ती मैदानांच्या जाहिराती दिसू लागतात, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत त्या एकमेकींवर चढत राहतात. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो, मग पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात औंधची यमाई आणि पालचा खंडोबा. पुढे चैत्र-वैशाखात तर गावदेवाची जत्रा नसलेला आठवडा शोधावा लागतो. यातल्या कितीतरी जत्रांचा एक दिवस तांबड्या मातीसाठी राखलेला असतो. उसाचे गाळप आणि कुस्तीचा मोसम बराच काळ बरोबरीने चालतात, त्यालाही कारण आहे. गावात पैसा तेव्हाच खेळता असतो आणि वर्गणीही तेव्हाच निघते. या सगळ्याला आपण परंपरा म्हणतो, तिचे कौतुक करतो आणि पुढे जातो. परंतु नीट पाहिले तर हा एक व्यावसायिक क्रीडा-हंगाम आहे. त्यात पैसे देणारे आहेत, पैशासाठी झुंजणारे आहेत, तयार करणारे वस्ताद आहेत आणि तिकिटाविना आलेले हजारो जाणकार प्रेक्षक आहेत. नाही ती एकच गोष्ट, निकालांची वही. मैदानी कुस्तीबद्दल आज ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ या एका उणिवेत आहे, आणि ती भरून काढणे वाटते त्याहून सोपे आहे, असे मला वाटते.

‘व्यावसायिक’ हा शब्द गावकुस्तीला लावला की काही जुनी मंडळी नाराज होतात. पण हिशेब बघा. तालमीत राहणाऱ्या पट्ठ्याला दूध, तूप, बदाम, अंडी-मटण, मालीश, प्रवास हा सारा खर्च बारा महिने असतो. घरची दोन-तीन एकर शेती तो पुरा करू शकत नाही. हा खर्च बऱ्याच अंशी भरून निघतो तो मैदानातल्या इनामांतून, आणि इनाम मिळण्याचे दिवस वर्षातून सहा-सात महिनेच. म्हणजे हंगामात कमवायचे आणि पावसाळ्यात तालमीत मेहनत करायची. पहिल्या क्रमांकाच्या जोडीला मोठ्या मैदानात लाखांत इनाम असते, शेवटच्या जोड्यांना शंभरांत. या दोहोंच्या मध्ये जो वर्ग आहे, ज्याचे नाव पोस्टरवर बारीक अक्षरात येते आणि वर्तमानपत्रात येतच नाही, तोच या हंगामाचा खरा कामकरी. आठवड्याला दोन-दोन मैदाने करणारा, आज खटावात तर परवा खानापुरात. पैसे देणाऱ्यांची यादीही अस्सल इथली आहे: यात्रा कमिटी, ग्रामपंचायत, साखर कारखाना, पतसंस्था, निवडणूक जवळ आली असेल तर इच्छुक उमेदवार, मुंबईत माथाडी म्हणून आयुष्य काढलेले साताऱ्याचे चाकरमाने, आणि सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेले खानापूर-आटपाडीचे व्यावसायिक, जे वर्षातून एकदा जत्रेला येतात आणि एखादी जोड आपल्या नावावर लावून जातात. एवढ्या विखुरलेल्या, एवढ्या चिवट आश्रयावर चालणारा दुसरा खेळ महाराष्ट्रात मला दिसत नाही.

मैदानाच्या दिवसाची रचनाही एखाद्या लीगच्या उतरंडीसारखीच असते, फक्त ती एका दुपारीत उलगडते. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, शाळकरी पोरांच्या. मग ज्यांना जोड मिळालेली नाही अशा मल्लांना आखाड्यात फिरवतात. पंच दोघांच्या अंगापिंडाकडे बघतात, वस्ताद मान हलवतात किंवा नाकारतात आणि जोड ठरते. वजनकाटा कुठे नसतो, नजर असते. उन्हे उतरतात तशी इनामाची रक्कम चढत जाते, हलगीची लय बदलते, आणि दिवेलागणीला पहिल्या जोडीचे मल्ल शड्डू ठोकतात. मधल्या वेळात निवेदक बोलत असतो. हा निवेदक म्हणजे या हंगामाची एकमेव चालती-बोलती दप्तरशाळा. शंकर पुजारींसारखे निवेदक मल्लाचे गाव, तालीम, वस्ताद, मागच्या महिन्यात त्याने कोणत्या डावावर कुणाला अस्मान दाखवले हे न अडखळता सांगतात. घिस्सा, ढाक, एकचाक, मोळी, पोकळ घिस्सा: कुठला मल्ल कशात तरबेज, हे प्रेक्षकांना कळते ते त्यांच्यामुळे. पण माईक बंद झाला की ही माहितीही बंद. दुसऱ्या दिवशी गावाच्या वहीत इनामाचा खर्च मांडलेला असतो, निकाल नसतो. आजकाल मोबाइलवर मैदाने थेट दिसतात, चित्रफिती पडून राहतात. मात्र चित्रफीत म्हणजे नोंद नव्हे. अमुक मल्लाने या हंगामात किती कुस्त्या धरल्या, किती चितपट केल्या, किती बरोबरीत सुटल्या, हे कुणाला विचारावे तर उत्तर नाही.

जगातल्या फुटबॉलमधल्या खालच्या श्रेण्यांकडे पाहिले की ही उणीव किती विचित्र आहे ते कळते. युक्रेनची ‘द्रुहा लिगा’ ही त्या देशाची तिसरी श्रेणी, १९९२ पासून चालत आलेली. लहान शहरांचे संघ, तुटपुंजा पैसा, मोजके प्रेक्षक. मालकाचा धंदा बसला की हंगामाच्या मध्येच संघ माघार घेतो, असे तिथे वारंवार झाले आहे. पण माघार घेतलेल्या संघाच्या सामन्यांचे काय करायचे याचाही नियम आहे, आणि तक्त्यात त्याची ओळ राहते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले, खेळ थांबला, पुढे हंगाम विजेत्याविना संपल्याचे जाहीर झाले. तरी तोवर कोण कितव्या स्थानावर होते ते लिहिलेले आहे. भोंगे वाजले की खेळाडूंना मैदान सोडून आसऱ्याला जावे लागे, अशा काळातही पुढचा हंगाम त्याच ऑगस्टात सुरू झाला आणि त्याचाही तक्ता बनला. आणि इतक्या लांब कशाला जायचे? शेजारच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ हे फुटबॉलचे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये त्यांचे गट आहेत, गुण आहेत, वरच्या गटात चढणे-उतरणे आहे. म्हणजे तालमींना तक्ता जमत नाही, असे कुणी म्हणू नये. तालमींनी तो फुटबॉलला दिला, कुस्तीला दिला नाही.

नोंद नसल्याचा पहिला परिणाम जोडीवर होतो. पहिल्या क्रमांकाची जोड कशाच्या आधारे लागते? नावाच्या. आणि नाव कशाने होते? किताबाने. त्यामुळे चार वर्षांपूर्वी किताब मिळवलेला आणि आता ढिला पडलेला मल्ल लाखाच्या जोडीत उभा राहतो, आणि या हंगामात दहा जणांना ओळीने चितपट केलेला एखादा पोरगा पाचव्या-सहाव्या जोडीतच अडकून पडतो, कारण त्या दहा कुस्त्या दहा वेगवेगळ्या गावांनी पाहिल्या आणि दहाही गावांनी विसरल्या. बरोबरीत सुटणाऱ्या कुस्त्यांची तक्रारही याच गाठीपाशी येऊन थांबते. ज्याला हरण्याने पुढचे नाव गमवायचे आहे पण बरोबरीने काहीच गमवायचे नाही, तो मल्ल अर्धा तास खडाखडीत आणि मानेला मान लावून का नाही काढणार? पोस्टरवर ‘सर्व कुस्त्या निकाली’ असे छापले जाते, ते छापावे लागते यातच सगळे आले. प्रेक्षक कुजबुजतात, नुरा कुस्ती झाली म्हणतात. कधी ते खरे असते, कधी दोन्ही मल्ल नुसतेच सावध असतात. पण ज्या हंगामात कुणाच्या किती बरोबऱ्या झाल्या हे कुठेच दिसत नाही, तिथे सावध आणि ठरवून खेळलेला यांत फरक करायचा कसा? बरोबऱ्यांची संख्या मल्लाच्या नावापुढे छापली जाऊ लागली, तर गावकरीच पुढच्या वर्षी त्याला बोलवायचे की नाही ते ठरवतील. वेगळ्या चौकशी समितीची गरज पडणार नाही.

दुसरा परिणाम वजनाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले, ही कहाणी इकडे पोराटोरांना पाठ आहे. कहाणीतला एक तपशील मात्र कुणी उच्चारत नाही: ते पदक बँटमवेट गटातले होते, म्हणजे ५७ किलोचे. आज ५७ किलोचा तितकाच तयार मल्ल सातारा-सांगलीच्या एखाद्या मोठ्या मैदानात आला, तर त्याची कुस्ती कितवी लागेल? पहिल्या दहांत लागली तरी नशीब. इनाम देहाच्या आकारामागे जाते. महाराष्ट्र केसरीचा किताबही ८६ ते १२५ किलोंच्या गटाचाच आहे. आणि भारताला कुस्तीत ऑलिंपिक पदके कुठल्या वजनात मिळाली पाहा: सुशीलकुमार ६६ किलो, योगेश्वर दत्त ६०, बजरंग पुनिया ६५, रवी दहिया ५७, पॅरिसला अमन सेहरावत ५७. महाराष्ट्राचा राहुल आवारे २०१८ मध्ये राष्ट्रकुल विजेता झाला तो ५७ किलोत, आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले ते ६१ किलोत. त्याच्या वजनाच्या मल्लाला महाराष्ट्र केसरी होण्याची वाटच मोकळी नाही. म्हणजे ज्या वजनांत जग आपल्याला पदक देते, त्याच वजनांच्या पोरांना आपले मैदान सर्वांत कमी पैसे देते. मग वस्ताद काय करणार? पोराला खायला घालून वजन वाढवणार. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरावर शरीर फुगवण्याचा दाब येतो, आणि त्या दाबातून खुराकाबाहेरच्या औषधांच्या वाटेला तो कसा लागतो हे आखाड्याच्या कडेला बसलेला कुणीही सांगेल.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की मैदानाला मोठी शरीरे बघायची असतात; प्रेक्षक त्यासाठीच येतो, आणि पैसे देणाऱ्याने कुणाला पैसे द्यावेत हे लेख लिहून ठरत नाही. मान्य. पण प्रेक्षक निकालावरही प्रेम करतो. हलक्या वजनाच्या कुस्त्या वेगवान असतात आणि त्यांत बरोबरी कमी होते, हे मैदानात बसणाऱ्याला ठाऊक आहे. दुपारच्या ज्या कुस्तीवर सगळे उभे राहतात, टोप्या-फेटे उडतात, खिशातून पैसे काढून जागेवर बक्षीस लावतात, ती पुष्कळदा मधल्या जोड्यांतलीच असते. उणीव ही, की त्या पोराचे नाव प्रेक्षकाला पुढच्या मैदानात परत भेटत नाही. वजनवार तक्ता असेल तर ५७ किलोतला या हंगामातला पहिला आणि दुसरा यांची जोड एखादी यात्रा कमिटी मुद्दाम लावील. त्या जोडीला तेव्हा नाव मिळेल आणि नावाला इनाम मिळेल. आज हे नावच तयार होत नाही.

वरच्या टोकाचे, किताबाचे, काय चालले आहे तेही पाहायला हवे, कारण खालच्या हंगामाची किंमत त्याच्यावरून ठरते असा समज आहे. महाराष्ट्र केसरीशी या भागाचे नाते पहिल्या दिवसापासूनचे. १९६१ च्या पहिल्याच स्पर्धेचे विजेते दिनकर दह्यारी सांगलीचे. त्याही आधी शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, आणि पुढे कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये. १९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांत या दोघांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन-दोन पदके आणली. अलीकडे चंद्रहार पाटील दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. एप्रिल २०२२ मध्ये ही स्पर्धा साताऱ्यातच झाली, जिल्हा तालीम संघाच्या यजमानपदाखाली, करोनाने पडलेल्या खंडानंतर. पृथ्वीराज पाटील जिंकले, आणि लगेच बातमी आली ती ही, की गदा मिळाली पण रोख बक्षीस मिळाले नाही; विजेत्यानेच ती खंत बोलून दाखवली. गदारोळ झाला, मग देणगीदार पुढे आले. लोकांना धक्का बसला, मला त्यात धक्कादायक काही दिसले नाही. किताबाने पोट भरत नाही, किताब घेऊन मैदाने करायची आणि त्यांनी पोट भरायचे, अशीच ही व्यवस्था कित्येक वर्षे आहे. वरची गदा आणि खालचे इनाम हे एकाच अर्थव्यवहाराचे दोन भाग आहेत, आणि त्यातला पैशाचा भाग खालचा आहे. पुढच्या काळात तर गदेचीच वाटणी झाली. भारतीय कुस्ती महासंघाने २०२२ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त करून वेगळ्या संघाला मान्यता दिली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एक महाराष्ट्र केसरी फुलगावला आणि एक धाराशिवला झाला. २०२५ मध्ये पुन्हा दोन, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. शिवाय अहिल्यानगरच्या उपांत्य फेरीत पंचाच्या निर्णयावरून जो वाद झाला तो सर्वांनी पाहिला. किताबाची पत अशी डळमळली असताना मल्लाची खरी पारख करण्याचे काम आपोआप मैदानांकडे येते. फक्त मैदानांनी ती पारख लिहून ठेवलेली नाही.

आता जोखमीकडे येऊ. १२ जानेवारी २०१८ च्या रात्री औंधचे मैदान करून परतणारे कुंडलच्या क्रांती कुस्ती संकुलाचे मल्ल कडेगाव तालुक्यात वांगीजवळ अपघातात सापडले; त्यांची गाडी ट्रॅक्टरवर आदळली, पाच मल्ल आणि चालक असे सहा जण गेले. गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर काय काय धावत असते हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. त्याच वर्षी पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याच्या मैदानात एका तरुण मल्लाच्या मानेला इजा झाली आणि तो दवाखान्यात वारला. दोन्ही वेळा हळहळ झाली, मदत गोळा झाली, मैदानातून झोळी फिरली. पण नोकरीवर असलेल्या माणसाला कामावर जाता-येताना काही झाले तर विचारायला कुणीतरी असते. हंगामी मल्लाचा मालक कोण? यात्रा कमिटी म्हणते आम्ही एका दिवसाचे यजमान, तालीम म्हणते आम्ही शिकवणारे, परिषद म्हणते मैदान आमच्या स्पर्धेत मोडत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये जत्रा बंद पडल्या तेव्हाही हेच उघडे पडले. दोन हंगाम बुडाले, खुराकाचे पैसे संपले, पोरे तालीम सोडून घरी गेली, कित्येक शेतावर किंवा कंपनीत कामाला लागली. त्यांना मदत द्यायची म्हटली असती तरी कुणाला द्यायची? नोंदलेला मल्लच नव्हता. विमा, मदत, निवृत्त मल्लाचे मानधन, या सगळ्यांना आधी नाव असलेला कागद लागतो.

इथे परंपरेचा कैवार घेणारा वाचक थांबवेल. जत्रा ही देवाची, मैदान ही गावाची हौस. त्यात फॉर्म, नोंदणी, दाखले घुसवले की ती जत्रा राहत नाही, सरकारी कार्यक्रम होतो. या आक्षेपात वजन आहे, कारण गावाचा मोठेपणा जोड लावण्याच्या अधिकारात असतो आणि तो काढून घेतला तर वर्गणीचा झराच आटेल. मात्र शेजारच्याच एका खेळाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. आता शर्यतीसाठी आगाऊ परवानगी लागते, अनामत भरावी लागते, अंतराला मर्यादा आहे आणि बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी होते. शर्यती मेल्या का? उलट पुसेगावपासून विट्यापर्यंत त्यांना उधाण आले आहे. आणि एकाच जत्रेत, एकाच कमिटीच्या देखरेखीखाली, सकाळी धावणाऱ्या बैलाला डॉक्टर तपासतो पण संध्याकाळी मान पणाला लावणाऱ्या मल्लाला बहुतेक ठिकाणी कुणी तपासत नाही, ही गोष्ट परंपरेच्या नावाखाली किती दिवस चालवायची? मैदानाने बदल नाकारलेला नाहीच. ध्वनिक्षेपक आला, फ्लेक्स आले, पंजाब-हरियाणाचे मल्ल आले, थेट प्रक्षेपण आले. त्यांत एक वही आली तर देव रुसणार नाही.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप आधुनिकांचा. त्यांना वाटते, माती गेलेली आहे. मॅट घाला, संघ विका, शहरात लीग भरवा, टीव्हीवर दाखवा. हा प्रयोग झालेला आहे. प्रो रेसलिंग लीग डिसेंबर २०१५ मध्ये थाटात सुरू झाली आणि २०१९ नंतर कित्येक वर्षे बंद राहिली. झी टॉकीजने २०१८ मध्ये महाराष्ट्र कुस्ती दंगल भरवली, संघांना तारे-तारकांची नावे जोडली गेली, पाहायला छान होते. पण या दोन्हींचा पाया वरून खाली घातलेला होता. मालकाला नफा दिसेपर्यंत लीग, नाही दिसला की पडदा. जत्रेच्या मैदानाला नफा मिळवायचाच नसतो, म्हणून ते दुष्काळात लहान होते पण संपत नाही. मॅटचा मुद्दा मात्र खरा आहे: आंतरराष्ट्रीय कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांची आहे, मातीतला निकाली खेळ वेगळा दम मागतो. म्हणून तालमीत मॅट हवीच, आणि ती अनेक तालमींत आलीही आहे. त्यासाठी मैदाने मोडायची गरज नाही.

खरा अवघड आक्षेप तिसराच आहे आणि तो मल्लांकडून येतो. वही झाली की तिच्यात हारही चढेल. आज एखादा मल्ल दुखऱ्या गुडघ्याने, घरी पैशाची नड आहे म्हणून कुस्ती धरतो, हरतो, आणि पुढच्या तालुक्यात त्याचा बोभाटा होत नाही. विस्मरण हेच गरीब मल्लाचे संरक्षण आहे. हे मी हलक्यावारी घेत नाही. पण तक्ता नसतानाही हार पसरतेच, फक्त ती ऐकीव होऊन पसरते आणि मोठी होऊन पसरते. ज्याच्या मागे बलिष्ठ वस्ताद किंवा पुढारी आहे त्याची झाकली जाते, एकट्याची झाकली जात नाही. लिहिलेल्या नोंदीत निदान समोरचा किती वजनाचा होता, कुस्ती किती मिनिटे चालली हेही दिसेल. नव्वद किलोच्या मल्लाशी वीस मिनिटे टिकून हरलेला पंचाहत्तर किलोचा पोरगा त्यात कमी दिसणार नाही. शिवाय दसऱ्याला पाटी कोरी व्हावी, हंगामाचा तक्ता हंगामापुरता असावा. जखमी म्हणून सुट्टी घेतली तर ती जखमी म्हणूनच लिहावी.

हे करायचे कुणी? राज्यस्तरावर दोन संघटना भांडत असताना त्यांच्याकडे हे काम देणे म्हणजे वहीच्याही दोन प्रती काढणे. जिल्हा तालीम संघ हे करू शकतात, आणि त्यांना फार काही लागत नाही. प्रत्येक मैदानातून एक पान यावे: जोडीचा क्रमांक, दोघांची नावे, तालीम, वजन, इनाम, निकाल, डाव, वेळ. निवेदक हे सगळे माईकवर बोलतच असतो, शेजारी लिहिणारा एक पोरगा बसवायचा आहे. वजनकाटा पोत्यांचाही चालेल. दर महिन्याला दोन्ही जिल्ह्यांचा मिळून वजनवार तक्ता जाहीर व्हावा. जे मैदान पान पाठवणार नाही त्याच्यावर कारवाई नको. तिथल्या कुस्त्या तक्त्यात धरायच्या नाहीत एवढे पुरे, मल्लच कमिटीच्या मागे लागतील. पहिल्या जोडीच्या इनामाचा एक लहान हिस्सा कापून त्या दिवशी मैदानात उतरलेल्या सगळ्यांचा, प्रवासासकट, अपघात विमा काढता येईल. मोठा मल्ल कुरकुरेल. त्याला सांगावे की रेवड्यांची कुस्ती त्यानेही एकदा धरलेली आहे. साखर कारखान्यांना ही कल्पना परकी नाही. कागलच्या शाहू कारखान्याने वयोगट आणि वजनगट लावून मानधनाच्या स्पर्धा वर्षानुवर्षे घेतल्या आहेत, आणि निकाल लिहून मल्लाला महिन्याला पैसे देता येतात हे त्यांनी दाखवले आहे. सातारा-सांगलीच्या कारखान्यांनी इनामाच्या फ्लेक्सवर जो खर्च केला आहे, त्याच्या एका कोपऱ्यात हे बसते.

सुरुवात मुलींपासून करावी असे मला वाटते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि तिथली प्रतीक्षा बागडी जिंकली. तेव्हापासून जत्रांच्या मैदानांत मुलींच्या जोड्या पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागल्या आहेत, अजून थोड्या, अजून मधेच कुठेतरी कौतुक म्हणून लावलेल्या. पण इथे सांभाळायचे जुने नाव नाही, झाकायची जुनी हार नाही, कुठल्या घराण्याचा रुसवा नाही. मुलींचे वजन करायला कुणी हरकत घेत नाही, कारण त्यांच्या स्पर्धा पहिल्यापासून वजनावरच झाल्या. दोन जिल्ह्यांत मिळून एका हंगामात त्यांच्या जेवढ्या कुस्त्या होतात तेवढ्या एका दोनशे पानी वहीत सहज मावतील, आणि येत्या दसऱ्याला ती वही उघडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.